न्यूट्रॉन ताऱ्याची खूण

२ मार्च, सोमवार

हो म्हणून बसले! आधी विषय विचारायचा, मग हो म्हणायचं, हे इतक्या वर्षांत शिकायला हवं होतं. ग्रंथालयातून फोन आला: अठ्ठावीस तारखेला व्याख्यान आहे, टेकडीवरच्या वेधशाळेतल्या बाई बोलणार आहेत, कर्णबधिर मंडळाची चाळीसेक माणसं येणार, दुभाषी म्हणून याल का? मी म्हटलं, येईन की. फोन ठेवताना सहज विचारलं, विषय काय? तर म्हणे – सोनं कुठून आलं.

मला वाटलं, खाणी-बिणी असतील.

संध्याकाळी बाईंची टिपणं आली. अकरा पानं! सोनं खाणीतून आलेलं नाहीच मुळी. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, त्यातून आलंय. आणि तारेसुद्धा साधे नाहीत – न्यूट्रॉन तारे. टिपणं वाचत पेन्सिलीनं खुणा करत गेले. ज्याला आपल्या हातांच्या भाषेत शब्दच नाही, अशा बावीस गोष्टी निघाल्या. ‘न्यूट्रॉन तारा’ दर वेळी बोटांनी एकेक अक्षर करून दाखवायचा म्हटलं तर माझी अक्षरं संपेपर्यंत ते दोन्ही तारे आदळून गारही होतील.

३ मार्च, मंगळवार

नवऱ्याला न्यूट्रॉन तारा समजावत होते. भाजी करपली. त्याला तारा समजला नाही, पण करपलेल्या भाजीबद्दल चकार शब्द बोलला नाही. गुणाचा आहे.

५ मार्च, गुरुवार

आज वेधशाळेत जाऊन आले. बाई माझ्याच वयाच्या. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. बोलताना चष्मा कपाळावर ढकलतात आणि मग तोच शोधत बसतात! दोन तासांत तीनदा शोधला. खोलीत फळा, कागदांचे ढीग, खिडकीत सुकत चाललेलं रोप.

मी म्हटलं, मला शाळेतलंही फारसं आठवत नाही, अगदी पहिल्यापासून सांगा. त्यांना तेच हवं होतं. खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि सुरू झाल्या.

माझ्या शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे मला कळलंय की नाही ते कळेल. तारा म्हणजे चूल. हलक्या गोष्टी एकत्र शिजवतो, जड करतो, त्यातून उजेड देतो. पण शिजवत शिजवत लोखंडापर्यंत आला की संपलं. लोखंडाच्या पुढे शिजवायला गेलं की चूल उष्णता देत नाही, उलट खाते. मोठा तारा तिथे कोसळतो. बाहेरचं उडून जातं, आतला गाभा दाबला जातो – इतका, की सूर्याहून जड ऐवज एका शहराएवढ्या गोळ्यात मावतो. चमचाभर घेतलं तर एका डोंगराचं वजन! तो न्यूट्रॉन तारा. असे दोन कधी कधी जोडीनं असतात. एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं फिरतात, हळूहळू जवळ येतात, आणि शेवटी सेकंदाला शेकडो फेऱ्या मारत आदळतात. त्यातून जे बाहेर फेकलं जातं त्यात न्यूट्रॉनचा नुसता पूर असतो. छोटी अणुकेंद्रं ते न्यूट्रॉन बकाबका गिळतात. पचायच्या आत पुढचा घास! सेकंदभरात सगळं उरकतं. मग पोटातले काही न्यूट्रॉन पालटून प्रोटॉन होतात आणि नवीनच काहीतरी तयार होतं. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम. आपल्या गळ्यातल्या ग्रंथीला लागणारं आयोडीनसुद्धा.

मी नकळत गळ्याला हात लावला. बाई हसल्या. म्हणाल्या, सगळेच लावतात.

मग त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही हातांनी कसं सांगणार? मी म्हटलं, त्याला खुणाच नाहीत अजून. त्या म्हणाल्या, मग तुम्ही करा ना. मी म्हटलं, ते माझं काम नव्हे. मला ऐकू येतं. त्या भाषेत मी वाढले, पण ती ज्यांची आहे त्यांनीच शब्द घडवायचे. आपल्या मनाच्या खुणा करणारे दुभाषी मंडळात कुणालाच आवडत नाहीत. मंडळाला विचारावं लागेल.

बाई म्हणाल्या, विचारा की.

विचारा की! त्यांना काय माहीत, मंडळात बाबा असतात.

६ मार्च, शुक्रवार

लिहायचं नव्हतं, पण काल रात्रीपासून तेच डोक्यात आहे.

आई-बाबा दोघांनाही ऐकू येत नव्हतं. मी आधी हातांनी बोलायला शिकले, मग तोंडानं. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांची दुभाषी. दुकानात मी, दवाखान्यात मी, शाळेत तर माझ्याबद्दलच्या तक्रारीही मीच त्यांना सांगायच्या! (त्या मी प्रामाणिकपणे सांगायचे. बहुतेक.) कुणी काही बोललं की बाबा बोलणाऱ्याकडे बघायचेच नाहीत, थेट माझ्या हातांकडे बघायचे.

चार वर्षांपूर्वी आई शेवटची आजारी पडली. ती बहुतेक वेळ गुंगीत. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं, म्हणाले, आता फार तर दोन-तीन आठवडे. बाबा माझ्या हातांकडे बघत होते. आणि माझ्या हातांनी सांगितलं – औषध बदलणार आहेत, वेळ लागेल.

बाबा कामावर जात राहिले. दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवतात ते. संध्याकाळी तासभर येऊन बसायचे, आईच्या हातावर हात ठेवून. एकोणिसाव्या दिवशी आई गेली. नंतर कागदपत्रं लावताना त्यांना डॉक्टरांची नोंद सापडली, तारखेसकट. ते ओरडले नाहीत, आदळआपट नाही. एवढंच म्हणाले, “एकोणीस दिवस होते. मी काम बंद ठेवून तिच्याजवळ बसलो असतो.”

त्यानंतर त्यांनी मला कुठेही दुभाषी म्हणून नेलेलं नाही. बँकेत कागद-पेन्सिल. दवाखान्यात कागद-पेन्सिल. माझ्याकडे येतात, जेवतात, हवापाण्याचं बोलतात. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो.

८ मार्च, रविवार

गेले मंडळात.

लॉंड्रीच्या वरचा मोठा हॉल, दर रविवारी चार वाजता. बाहेरच्या माणसाला वाटतं तिथे शांतता असेल. कसली शांतता! कुणाचं लक्ष वेधायचं तर पाय आपटून जमीन हलवायची. पंचवीस माणसं पाय आपटतात, खुर्च्या सरकवतात, पोट धरून हसतात. खालच्या लॉंड्रीवाल्यानं कधीच हात टेकलेत.

इथे कुणी कुणाला कागदावरच्या नावानं ओळखत नाही. प्रत्येकाचं खुणेचं नाव. छापखान्यात जन्म घालवलेले काका म्हणजे ‘शाई’ – अंगठा बोटांवर चोळायचा. कपडे शिवणाऱ्या बाई ‘टाचणी’, कारण त्यांच्या ओठांत कायम एक तरी असायचीच. मी ‘वेणी’. वेणी कापून वीस वर्षं झाली, पण नाव काही कापता येत नाही.

मी उभं राहून काम सांगितलं. बावीस शब्द हवेत, तीन आठवड्यांत. शाईकाका म्हणाले, आमचं काय अडलंय त्या ताऱ्यांवाचून? टाचणीबाईंनी त्यांना दटावलं – नेहमी आपल्याला अर्धवट सांगतात म्हणून तुम्हीच बोंब मारता ना? आता पूर्ण सांगायला आलीय तर बसा गुपचूप. मग मला विचारलं, तारा किती मोठा? मी म्हटलं, शहराएवढा. वजन? सूर्याहून जास्त. एकानं लगेच ‘बुटका लठ्ठ’ करून दाखवलं आणि शाईकाकांकडे बोट केलं. पाच मिनिटं कामच थांबलं.

बाबा खिडकीशी हाताची घडी घालून उभे. घडी घातलेला हात म्हणजे आमच्यात मिटलेलं तोंड. पण बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी घडी सोडली आणि शाईकाकांना विचारलं, “सोन्याचा काय संबंध?” शाईकाकांनी तोच प्रश्न वळून मला केला. मी उत्तर शाईकाकांना दिलं. शाईकाकांनी ते बाबांना दिलं. तिघं तीन हातांच्या अंतरावर! टाचणीबाई हे बघून कपाळाला हात लावून बसल्या.

तरी म्हटलं, विचारलं हे काय कमी आहे.

११ मार्च, बुधवार

वेधशाळेच्या बाईंना मंडळाचं सांगितलं. म्हणाल्या, मीही येते रविवारी. मला भीती वाटतेय आणि मजाही.

१५ मार्च, रविवार

काय दिवस होता! हात दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

बाई खडू आणि फळ्याचा तुकडा घेऊन आल्या. जिन्यातच त्यांना जमीन हादरताना जाणवली, म्हणाल्या, वर काय चाललंय? मी म्हटलं, गप्पा.

पहिली खूण ‘न्यूट्रॉन तारा’. मंडळात सूर्याला उघडा पंजा असतो, बोटं फाकलेली. टाचणीबाई म्हणाल्या, मग त्यालाच दाबा की. उघडा पंजा, दुसऱ्या हातानं चेपत आणायचा, बोटं आत, अंगठाही आत, आणि मूठ इतकी आवळायची की पेरं पांढरी पडतात. मग ती मूठ वजनानं खाली ओढली जाते. सगळ्यांनी करून बघितलं. पंचवीस मुठी एकदम खाली गेल्या. झाली खूण! बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे समजवायला मला चार पानं लागतात.

मग ‘टक्कर’. दोन मुठी, एकमेकींभोवती फिरत, आधी सावकाश, मग भरभर. आदळल्या की काय? शाईकाकांनी दिवाळं निघाल्यासारखे दोन्ही हात वर फेकले – धडाम! सगळे माना डोलवायला लागले. तेवढ्यात जमीन हादरली. पाय आपटला होता बाबांनी.

ते पुढे आले. आणि मला न बघता, सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “चूक. वर नाही उडणार.”

मग त्यांनी आपलं काम सांगितलं. सोन्याची टोपी ओतायची असते तेव्हा वितळलेलं सोनं एका फिरणाऱ्या यंत्राच्या दांडीवर असतं. दांडी गरगर सुटते, आणि त्या फेऱ्याच्या जोरानं सोनं साच्याच्या बारीक कोपऱ्यापर्यंत जाऊन बसतं. फिरणारी गोष्ट सुटते ती कडेनं, आडवी. एकोणचाळीस वर्षं त्यांनी हेच बघितलंय. एकदा साचा तडकला, तेव्हा भिंतीवर सोन्याची रेघ उमटली होती – सरळ, आडवी, कमरेच्या उंचीवर. छतावर एक थेंबही नाही. “हे तारे फिरत होते ना? मग कडेनं जाईल. शेपटीसारखं.”

मी ते बाईंना बोलून दाखवलं. बाई उठल्याच! चष्मा कपाळावर ढकलला आणि फळ्यावर दोन गोळे काढले, त्यांना दोन्ही बाजूंनी आडव्या शेपट्या. म्हणाल्या, थोडं वरखालीही जातं, पण आदळायच्या आधी ते एकमेकांना ओढून ताणतात, तेव्हा अगदी अश्शाच शेपट्या निघतात, आणि सगळ्यात जड मूलद्रव्यं त्यांच्यातच तयार होतात असं आमचं गणित सांगतं. यांना विचारा, यांनी हे कुठे वाचलं?

मी बाबांना विचारलं. थेट. चार वर्षांत पहिल्यांदा कामाचं काहीतरी थेट विचारलं. ते म्हणाले, “भिंतीवर.”

तर खूण ठरली: दोन मुठी फिरत येतात, टेकतात, आणि बोटं आडवी सुटतात, दोन्हीकडे, लांबवर. सुंदर दिसते! बाई जाईपर्यंत तीच करत होत्या, थोडी चुकीची.

जाताना मंडळानं बाईंना नाव दिलं. कपाळावर चष्मा ढकलायची खूण. बाईंचे डोळे भरून आले आणि डोळे पुसायला म्हणून चष्मा शोधायला लागल्या. तो कपाळावरच!

निघताना बाबांनी त्यांना एक चिठ्ठी दिली. त्यांनी उभ्याउभ्याच खाली काहीतरी लिहून परत केली. काय ते मला दिसलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

भाजीवाल्याकडे पैसे देताना हात आपोआप मुठी फिरवायला लागले. तो म्हणाला, ताई, बरं आहे ना?

२२ मार्च, रविवार

वीस खुणा झाल्या. दोन राहिल्या होत्या, सगळ्यात अवघड: अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळतं ती, आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो ती. बाईंनी तीनदा समजावलं. कुणालाच पटेल असं काही सुचेना. शेवटी टाचणीबाई वैतागून म्हणाल्या, म्हणजे माझी टाचण्यांची उशीच की! घाईत असले की खुपसत जाते, खुपसत जाते, मोजतं कोण. मग एक दिवस बघावं तर उशीला उशी राहिलेली नाही, भलतंच काहीतरी झालेलं.

झालं! एक मूठ म्हणजे उशी. दुसऱ्या हाताची बोटं भराभर तिच्यात टोचायची, श्वास घ्यायला वेळ न देता. मग टोचलेलं एक बोट उताणं पालटायचं – तो प्रोटॉन. मूठ थोडी उघडली की नवं मूलद्रव्य.

बाबांनी टाचणीबाईंना शाबासकी दिली. त्या लाजल्या. साठीच्या पुढची बाई, पण लाजणं काय सुरेख!

खुणांच्या भाषेत अहो-अरे नसतं. समोरच्याकडे बोट केलं की झालं. तरी आदर दिसतोच. बाबा टाचणीबाईंशी बोलताना जरा वाकून बोलतात, हे आज माझ्या लक्षात आलं. कारागीर कारागिराला मान देतो तसं असेल.

२५ मार्च, बुधवार

बाईंनी टिपणांची शेवटची प्रत पाठवली. शेवटून दुसऱ्या पानावर नवीन परिच्छेद.

काही वर्षांपूर्वी अशी एक टक्कर खरोखर टिपली गेली. तेरा कोटी वर्षांपूर्वी घडलेली. आधी अवकाशाचं थरथरणं पकडलं गेलं, दोनेक सेकंदांत एक झगझगीत चमक, मग कित्येक दिवस मंदावत जाणारा उजेड – आधी निळसर, मग लालसर. हे सगळं टिपणांत आधीपासून होतं. नवीन मजकूर असा: ‘एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या उजेडात सोनं प्रत्यक्ष दिसलेलं नाही. स्ट्रॉन्शियम या दुसऱ्या एका मूलद्रव्याच्या खुणा दिसल्या. सोनं तिथे झालं असणार असा आमचा भक्कम अंदाज आहे. जगातलं सगळं सोनं अशाच टकरींतून आलं की आणखीही कुठे बनतं, हे आम्हाला अजून माहीत नाही.’

पुन्हा वाचलं. मंडळातली सगळी माणसं गेले अडीच आठवडे सोन्याच्या गोष्टीवर जीव टाकून बसलीयत. बाबा तर शाईकाकांना सांगत होते, मी लोकांच्या दाढांवर तारे बसवले. आणि व्याख्यानाच्या ऐन शेवटी त्यांना सांगायचं, की दिसलं नाही?

चार वाक्यं. बाई भरभर बोलतात. चार वाक्यं निसटली तर कुणाला कळणारही नाही.

वही मिटते. लाज वाटतेय.

२७ मार्च, शुक्रवार

उद्या. निळा कुडता इस्त्री करून ठेवला. गडद आणि साधाच लागतो, हात उठून दिसायला. नवरा म्हणाला, तू झोपेत खुणा करतेस हल्ली. मी विचारलं, काय म्हणते? म्हणाला, ते कळलं असतं तर मीच दुभाषी झालो असतो.

२८ मार्च, शनिवार

सभागृह भरून वाहत होतं. लोक पायऱ्यांवर बसले. मंडळाची माणसं पहिल्या तीन रांगांत, नटूनथटून. बाबांनी कोट घातला होता! लग्नकार्यातला कोट. एका बाजूला शाईकाका, दुसऱ्या बाजूला टाचणीबाई.

बाई डावीकडे, मी उजवीकडे. पहिली दहा मिनिटं माझे हात ताठ होते. मग न्यूट्रॉन तारा आला. पंजा उघडला, चेपला, मूठ केली, खाली नेली – आणि पहिल्या तीन रांगांत चाळीस मुठी माझ्याबरोबर खाली गेल्या. न ठरवता! मागचे ऐकणारे लोक चकित होऊन बघायला लागले. बाई बोलायच्या थांबल्या, हसल्या, पुढे गेल्या.

टकरीच्या वेळी तर मागच्या लोकांनीही मुठी फिरवल्या. शाळेची मुलं, एक आजोबा, दारातला पहारेकरी. सगळ्या सभागृहाची बोटं आडवी सुटली. बाबांची भिंत! मला वाटतं, दुभाषी म्हणून माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात सुंदर क्षण असावा.

मग शेवटून दुसरं पान.

बाई म्हणाल्या, एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्या हातांकडे बघत होते, आईच्या वेळी बघत होते तसेच, स्थिर. एका श्वासापुरती थांबले असेन. मग सांगितलं. सोनं प्रत्यक्ष दिसलेलं नाही. ‘नाही’ मोठं केलं, सगळ्यांना दिसेल असं. स्ट्रॉन्शियम दिसलं. अंदाज भक्कम आहे. सगळं सोनं तिथलंच का, माहीत नाही. चारही वाक्यं. एकाचीही धार बोथट केली नाही.

पहिल्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. शाईकाकांनी खांदे पाडले.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि बाबा उठले. खिशात कागद होता, मला दिसत होता. तो त्यांनी काढला नाही. माझ्याकडे बघितलं, आणि हातांनी बोलायला लागले.

आमच्या कामाचा नियम असा की ज्याचं बोलणं, त्याच्याच ‘मी’नं बोलायचं. मी माईक घेतला आणि माझ्या आवाजात बाबा बोलायला लागले: “मी दातांच्या टोप्या बनवतो. एकोणचाळीस वर्षं सोनं वितळवलं. माझं सोनं लोकांच्या तोंडात बसून दिवसभर बोलतं, मला ते ऐकू येत नाही, पण ते आहे हे मला ठाऊक आहे. तुम्ही न दिसलेल्या सोन्याबद्दल इतक्या खात्रीनं कशा बोलता?”



बाई थेट बाबांना उद्देशून म्हणाल्या, “उजेड किती दिवस टिकला आणि किती लाल झाला, हे जड मूलद्रव्यांच्या ढगाशिवाय जुळत नाही. शेजारी स्ट्रॉन्शियम सापडलंय. मी पैज लावेन. पण शपथ घेणार नाही. शपथ दिसल्यावर.”

मी ते बाबांना दिलं. त्यांनी मान हलवली. “हे चाललं,” म्हणाले, आणि बसले.

त्यानंतर दोन्ही हात हवेत हलवून सगळ्यांनी टाळ्या दिल्या. बिनआवाजाच्या टाळ्या, चारशे माणसांच्या. बाई रडल्या, मी रडले. चष्मा सापडला.

२९ मार्च, रविवार

सकाळी बेल. दारात बाबा, हातात गरम पावाची पिशवी.

चहा झाला. मग त्यांनी खिशातून कालचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पंधरा तारखेची चिठ्ठी! त्यांच्या अक्षरात: ‘सोनं दिसलं का?’ खाली बाईंच्या अक्षरात: ‘अजून नाही. पण तुम्ही बरोबर विचारलंत.’

म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. दोन आठवडे.

ते म्हणाले, “काल मी ताऱ्यांकडे बघत नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो. वाटलं होतं, इथे गाळशील.”

मी म्हटलं, गाळणार होते. बुधवारी तसं मनात आलं होतं.

मग चार वर्षं जे हातात अडकलं होतं ते बाहेर आलं. तेव्हा मी त्यांना वाचवत नव्हते. तसं स्वतःला सांगत आले, पण ते खरं नव्हतं. आई जाणार हे वाक्य माझ्या हातांतून जायला नको होतं. मी ते केलं तर ते खरं होईल असं वाटलं. घाबरले होते. त्यांचे एकोणीस दिवस मी माझ्या भीतीपायी घेतले.

 त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले – म्हणजे आमच्या भाषेत, गप्प बस म्हणायचं – आणि सोडून म्हणाले, “हात तुझे होते. बातमी डॉक्टरांची होती. एवढं लक्षात ठेवलं असतंस तर दोघांनाही जमलं असतं.” जरा थांबून: “तूही लहानच होतीस.”

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते! तसं म्हटलं. ते हसले. नवरा उठून बाहेर आला तर आम्ही दोघं हसतोय आणि दोघांचेही डोळे लाल. बिचारा तसाच परत आत गेला.

पाव तिघांनी मिळून संपवला.

२ एप्रिल, गुरुवार

बाबांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी दुभाषी! डॉक्टर म्हणाले, बारीक काम आता बिनचष्म्याचं चालणार नाही, आणि इतकी वर्षं चालवलंत हाच हट्टीपणा आहे. सगळं जसंच्या तसं सांगितलं. हट्टीपणासुद्धा. बाहेर आल्यावर म्हणाले, “हे गाळलं असतंस तरी चाललं असतं.”

५ एप्रिल, रविवार

कर्णबधिर शाळेतल्या शिक्षकांनी मंडळातून बावीसही खुणांचा व्हिडिओ करून नेला. मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांवर तारे आदळतायत म्हणे. एकीला तर बाईंसारखं वेधशाळेत जायचंय. चष्मा नाहीये तिला, तरी कपाळावर ढकलते!

बाबा आणि टाचणीबाई शिक्षकांना आडव्या शेपट्या शिकवत होते. शिक्षकांचा हात सारखा वर जात होता. दोघांनी मिळून खाली आणला.

९ एप्रिल, गुरुवार

आईचा फोटो पुसला. तिला सगळं सांगितलं, हातांनी.

१२ एप्रिल, रविवार

मंडळातून निघताना बाबांनी जिन्यात थांबवलं. गुरुवारी अकरा वाजता मोकळी आहेस का? मी म्हटलं, आहे, कुठे जायचंय? म्हणाले, विवाह नोंदणी कार्यालयात, दुभाषी लागेल. मी विचारलं, कुणाचं लग्न? त्यांनी ओठांत टाचणी धरल्याची खूण केली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

 मी विचारलं, साक्षीदार लागतील ना? म्हणाले, “शाई आहे, तुझा नवरा आहे. तू नाहीस. माझा होकार तुला बोलायचाय.”